पडद्यामागची चोच

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. एवढं ऐकून लगेच नाक मुरडू नका. थंडीत घालायचा, जोडीतला एक हरवला की दुसराही कपाटाच्या तळाशी जायचा, तसला हातमोजा मी नव्हे. मला जोडीदार कधी नव्हताच. मी शिवला गेलो तोच एकटा, आणि तोही डोकं, लांब मान, दोन डोळे आणि चांगली टणक चोच घेऊन. माझ्यात हात घातला की मी मान वळवतो, चोच उघडतो, मिटतो. हात काढला की मात्र मान टाकून पडतो. तेव्हा मला पाहिलंत तर ओल्या टॉवेलशिवाय दुसरं काही आठवणार नाही.

मला शिवलं ते नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिंप्याने. त्याच्या दुकानात सिंहाच्या आयाळी, राक्षसांची शिंगं आणि राजांचे झगे एकाच दोरीवर सुखाने नांदत. तिथे एक दिवस डॉक्टरबाई आल्या. या जनावरांच्या डॉक्टर. गावाबाहेरच्या पाणथळीजवळ पक्ष्यांची पिल्लं वाढवण्याचं एक केंद्र आहे, ते त्या चालवतात. त्यांनी टेबलावर फोटो पसरले आणि या पक्ष्याचं हुबेहूब डोकं करून द्या म्हणाल्या. शिंपीबुवा म्हणाले, त्यात काय, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ.

पहिल्याच खेपेला त्यांनी मला पापण्या लावल्या. लांब, वर वळवलेल्या. त्यांच्या नाटकात ससा असो की बेडूक, पापण्या हव्यातच. नाहीतर मागच्या रांगेतल्या पोरांना डोळे दिसत नाहीत म्हणे. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं, याचा प्रेक्षक मागच्या रांगेत बसणार नाही, तो चोचीला चोच लावून बघणार आहे. झालं, पापण्या गेल्या. खरं सांगू, मला त्या फार शोभत होत्या. पण माझं कोण ऐकतो.

मी ज्याच्यासारखा दिसतो, त्या पक्ष्याचं नाव केशरमान्या. उंच पाय, राखाडी अंग, काळी चोच आणि मानेभोवती केशरी पिसांचा पट्टा. हा पक्षी सगळ्या जगात फक्त याच देशात सापडतो, आणि या देशातही फक्त जिथे गुडघाभर पाणी आणि माणसाला झाकून टाकील असं पाणकणीस माजलेलं असतं, तिथेच. दुसऱ्या कुठल्या देशात त्याचा भाऊ नाही, चुलतभाऊ नाही. इथून गेला की गेलाच. पूर्वी पाणथळ मोठी होती तेव्हा त्याचे थवे उतरायचे. मग शहर वाढत वाढत पाण्यापर्यंत आलं, मातीचे भराव पडले, भरावावर गोदामं उभी राहिली, आणि केशरमान्या शोधायला माणसं ठेवावी लागतील इतका थोडा उरला.

आता पक्षी वाढवायला हातमोजा कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. सांगतो. केशरमान्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की पहिला घास जो देईल त्याला आई मानतं. तिथे त्याला जातपात कळत नाही. माणसाने भरवलं तर ते माणसाच्या मागे लागतं, आणि मोठं झाल्यावर आपल्याच पक्ष्यांकडे ढुंकून बघत नाही. अशा पिल्लाला पाणथळीत सोडून उपयोग नसतो. समोरून शिकारी आला तरी ते त्याच्यापुढे तोंड वासून उभं राहणार. मग त्याचा सगळा जन्म जाळीत जातो.

म्हणून केंद्रात एक पद्धत ठरलेली होती. पिल्लाच्या खोलीला जाड पडदा. पडद्याला एक भोक. भोकातून मी आत जाणार, माझ्या चोचीत मासा. ज्याचा हात असेल तो माणूस पडद्यामागे. त्याने बोलायचं नाही, खोकायचं नाही, चेहरा दाखवायचा तर नाहीच नाही. आईची हाक एका छोट्या स्पीकरमधून वाजायची. पिल्लांना नावं ठेवायलाही बंदी होती. पायातल्या पट्टीच्या रंगावरून त्यांना ओळखायचं, बस्स.

माझ्या चोचीने बरीच पिल्लं जेवली. वर्तमानपत्रवाले येऊन माझे फोटो काढून गेले. एकाने तर खाली छापलं, ‘चिंध्यांची आई’. चिंध्या! चांगल्या लोकरी कोटाचं कापड आहे माझं. पण ते असो. मला तुम्हाला सांगायचं आहे ते एकाच पिल्लाबद्दल, आणि त्या पिल्लासाठी ज्यांचा हात माझ्यात होता त्या काकूंबद्दल.

काकू कामाला लागल्या तेव्हा केंद्रातले सगळे मनातून धास्तावले होते. कारण काकूंच्या तोंडाचा पट्टा. त्या बसमधून उतरायच्या त्या बोलतच, आणि बस निघून गेली तरी त्यांचं वाक्य संपलेलं नसायचं. त्या चहाच्या किटलीशी बोलायच्या, न लागणाऱ्या कडीशी भांडायच्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात नोकरीला. मग साठलेलं सगळं बाहेर कुठे काढणार? या बाईला पडद्यामागे गप्प बसवायचं म्हणजे वाहता नळ बोटाने दाबून धरायचा, असं सगळ्यांना वाटलं.

पण पडद्यामागे काकू अवाक्षर काढायच्या नाहीत. मी त्यांच्या हातावर असायचो, त्यामुळे मला कळायचं, शब्द त्यांच्या मनगटापर्यंत येऊन थांबलेत. आणि मग खाणं भरवून झालं, मला धुवायला मोरीत नेलं, की धरण फुटायचं. माझ्या मानेला साबण लावता लावता त्या मला सगळं सांगायच्या. मुलीचा फोन आला की नाही, आज कुठलं पिल्लू रुसलं, डॉक्टरबाईंनी जेवणाचा डबा तसाच परत कसा नेला. मीही ऐकून घ्यायचो. नाकातोंडात फेस गेलेला असताना दुसरं करणार काय.

एक दिवस खोदकामाचं मशीन चालवणारा ड्रायव्हर केंद्रात आला. दांडगा माणूस, पण चालत होता असा की जणू पायाखाली काच आहे. त्याने गळ्यातला मफलर सोडला आणि त्यातून एक अंडं काढलं. पाणथळीच्या कडेला भरावाचं काम सुरू होतं. मशीनच्या आवाजाने घरट्यावरची जोडी उडाली ती परत आलीच नाही. याने मशीन बंद केलं, खाली उतरला आणि वाट बघत बसला. मुकादम ओरडला तरी हलला नाही. शेवटी अंडं गार पडायला लागलं तेव्हा ते मफलरमध्ये गुंडाळून घेऊन आला. "मॅडम, बघा काही होतंय का," एवढंच तो म्हणाला. त्या वर्षी केंद्रात आलेलं ते एकमेव अंडं.

डॉक्टरबाईंनी ते उबवणीच्या पेटीत ठेवलं. यथावकाश त्यातून एक ओलंचिंब, वाकडी मान असलेलं, सगळ्या जगावर रागावलेलं पिल्लू बाहेर आलं. पायात हिरवी पट्टी घातली गेली. पडद्याच्या भोकातून मी आत गेलो, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या चोचीतला मासा असा ओढला की काकूंचा हात खांद्यापर्यंत हलला. त्या दिवशी मोरीत काकूंनी मला जाहीर केलं की ही मुलगीच आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, नर की मादी ते इतक्यात कळत नाही. काकूंचं म्हणणं, मला कळतं. पुढे तपासणीत काकू खऱ्या ठरल्या, ती गोष्ट वेगळी.

नाव ठेवायचं नाही हा नियम काकूंनी पाळला. म्हणजे पडद्याजवळ पाळला. मोरीत मात्र ती ‘आमची धाकटी’ झाली. "थोरली तिकडे, धाकटी इकडे," त्या म्हणायच्या, "आणि दोघींनाही आईशी बोलायला वेळ नाही."

धाकटी भराभर वाढली. खोलीतून तिला मागच्या जाळीच्या आवारात हलवलं. तिथे खोदून तळं केलेलं होतं, पाणकणीस लावलेलं होतं, आणि एका बाजूला लाकडी भिंत, तिलाही भोक. मी त्या भोकातून तिला पाण्यातले किडे कसे टिपायचे ते दाखवायचो. ती माझी नक्कल करायची. कधी कधी तिला झोप यायची, तेव्हा ती माझ्या मानेवर मान टाकून उभ्या उभ्या डुलकी काढायची. काकूंचा हात भरून यायचा, मुंग्या यायच्या, पण त्या हलायच्या नाहीत. मित्रांनो, मी कापडाचा आहे, मला ऊब लागत नाही असं लोक म्हणतात. लोकांचं काय ऐकायचं.

पाणी नितळ वाहत असताना खडा पडावा, तसं झालं. धाकटीला उडता यायला लागलं होतं आणि तिला पाणथळीत सोडायचे बेत चालले होते. एका दुपारी ड्रायव्हर तिची खुशाली विचारायला आला. तो अधूनमधून येऊन लांबूनच विचारून जायचा. त्या दिवशी डॉक्टरबाईंची वाट बघत तो आवाराच्या बाहेरच्या वाटेवर उभा होता. मी भिंतीच्या आतल्या खिळ्याला टांगलेला होतो. उभं राहून कंटाळलेला माणूस करतो तसं त्याने केलं. खिशातून मशीनच्या किल्ल्या काढल्या आणि बोटावर फिरवू लागला. छुन छुन, छुन छुन.

पाणकणसातून धाकटी बाहेर आली. मान उंच करून तिने ऐकलं. आणि पंख पसरून, आनंदाने ओरडत, ती धावत सुटली ती थेट जाळीपाशी त्याच्यासमोर जाऊन थांबली. चोच उघडी. घास दे म्हणून.

ड्रायव्हर जागच्या जागी थिजला. त्याला काही कळेना. डॉक्टरबाई मागून येत होत्या, त्यांनी सगळं पाहिलं. त्यांनी त्याला किल्ल्या खिशात टाकायला सांगितलं. आवाज थांबला तशी धाकटी गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली. मग डॉक्टरबाईंची नजर फिरत फिरत भिंतीआड उभ्या असलेल्या काकूंच्या कमरेवर गेली.

काकूंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. केंद्रातल्या सगळ्या कुलुपांच्या किल्ल्या. तो स्वतः डॉक्टरबाईंनीच त्या वर्षी त्यांच्याकडे विश्वासाने दिला होता, आणि काकूंना त्याचा इतका अभिमान की अंघोळीपुरताच काय तो कमरेवरून उतरत असेल. चेहरा झाकला, आवाज झाकला, श्वास रोखला, पण प्रत्येक घासाआधी काकूंच्या पावलांबरोबर तो जुडगा वाजत होता. आम्हा सगळ्यांना त्याची इतकी सवय की तो वाजतो हे कोणाच्या कानांना कळतच नव्हतं. एक धाकटी सोडून. स्पीकरमधली हाक तिच्या लेखी काहीच नव्हती. तिची आई किल्ल्यांसारखी वाजत यायची.

डॉक्टरबाईंनी काकूंना खुर्चीवर बसवलं आणि सरळ सांगितलं. किल्ल्या प्रत्येक माणसाच्या खिशात असतात. बंधाऱ्यावर येणारा मोटारसायकलवाला, होडीवाला, पाखरं मारायला येणारा, सगळ्यांच्या. धाकटी प्रत्येकाकडे अशीच धावत जाईल. असं असेल तर तिला सोडता येणार नाही. ती जाळीतच राहील, मरेपर्यंत.

काकूंनी कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला.

उपाय एकच होता. त्या आवाजाची गोडी मोडायची आणि भीती बसवायची. ज्या आवाजाने घास येत होता त्याच आवाजाने संकट यायला हवं. किल्ल्या वाजल्या की माणूस दिसायला हवा, उघड्या चेहऱ्याचा, आरडाओरडा करणारा, अंगावर धावून जाणारा. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे मी करीन, तुम्ही आत थांबा.

"नको," काकू म्हणाल्या. "तिने ओळखलेली चाल माझी आहे. सवय मी लावलीय, मीच मोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला नेहमीसारखं हातात घातलं. जुडगा ऑफिसात काढून ठेवलेला. धाकटीला भरवलं. ती जरा बावरलेली होती. घास आला पण आवाज आला नाही, हे तिला खटकत होतं. तरी तिने खाल्लं. मग काकूंनी मला खिळ्याला टांगलं, जुडगा कमरेला अडकवला, एका हातात पत्र्याचा ट्रे आणि दुसऱ्यात मोठा चमचा घेतला, आणि आवाराचं दार उघडून त्या आत गेल्या. भोकातून मला सगळं दिसत होतं. दिसायला नको होतं, पण टांगलेल्या वस्तूला तोंड फिरवता येत नाही.

छुन छुन, छुन छुन. धाकटी आली. धावत आली, पंख अर्धे उघडे, नेहमीसारखी. आणि थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने काकूंचा चेहरा बघितला. काकूंनीही तिला पहिल्यांदाच मध्ये पडदा न ठेवता, भिंत न ठेवता बघितलं. धाकटीने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला. एक पाऊल पुढे आली. अगदी जवळ. काकूंनी हात नुसता पुढे केला असता तर तिने त्या हातावर मान टाकली असती, याबद्दल मला काडीची शंका नाही.

काकूंचा ट्रे धरलेला हात खाली आला. मला वाटलं, आता या रडणार आणि सगळं संपणार.

"हट!" काकू ओरडल्या.

चमचा ट्रेवर आपटला. पुन्हा आपटला. "हट! नीघ! पळ इथून!" त्या धावून गेल्या, पाय आपटत, ट्रे बडवत, कमरेला जुडगा खणखणत. धाकटी धडपडली, पाण्यात पडली, उठली, आणि जिवाच्या आकांताने पाणकणसात शिरली. आवाज न काढता. तिने काकूंच्या तोंडचा ऐकलेला पहिला शब्द ‘हट’ होता, मित्रांनो. पोटात साठवलेल्या त्या इतक्या बोलण्यातून तिच्या वाट्याला आला तो हा शब्द.

त्या दिवशी मोरीत काकूंनी मला धुतलं, पिळलं, वाळत घातलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मी वाट बघत होतो. अहो, मुलीचा फोन आला का, ते तरी सांगा. काही नाही.

असं रोज चाललं. सकाळी काकू भिंतीमागून मला घालून भरवायच्या, दुपारी जुडगा लावून आत जायच्या आणि हाकलायच्या. सकाळी माझ्यात असलेला हात दुपारी ट्रे बडवायचा. तोच हात, मित्रांनो. धाकटीला काय माहीत की सकाळी घास देणारी आणि दुपारी अंगावर येणारी एकच आहे. ती सकाळी माझ्याकडे तक्रार केल्यासारखी यायची, चोच माझ्या चोचीवर घासायची, आणि मला वाटायचं, काकूंना आता इथून पळून जावंसं वाटत असणार. एकदा डॉक्टरबाईंनी विचारलं की आज मी जाऊ का. काकूंनी नुसती मान हलवून नाही म्हटलं.

हळूहळू धाकटी शिकली. आधी किल्ल्या वाजल्या की ती धावत यायची आणि थांबायची. मग यायचीच नाही, मान उंच करून उभी राहायची. मग एका दुपारी काकूंनी दाराबाहेर नुसता जुडगा हलवला आणि ती दार उघडायच्या आत पाणकणसात दिसेनाशी झाली. त्या दिवशी मोरीत काकू बोलल्या. "जमलं हो," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या ओल्या मानेत तोंड खुपसून हमसून हमसून रडल्या. माझं काय, मी ओलाच होतो.

तरीही खात्री नव्हती. जाळीतलं शिकणं वेगळं आणि उघड्या पाण्यातलं वेगळं. मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली होती. त्या अंड्यामुळे आणि डॉक्टरबाईंनी केलेल्या खटपटीमुळे पाणथळीच्या उरलेल्या भागाला कुंपण पडलं होतं, भराव थांबला होता. पाण्यात केशरमान्यांचं एक लहानसं कुटुंब टिकून होतं. त्यांच्याजवळच धाकटीला एका तात्पुरत्या जाळीत ठेवून मग दार उघडून दिलं. ती चालत बाहेर गेली, पाण्यात उतरली, आणि काही दिवसांत त्या कुटुंबाच्या कडेकडेने चरायला लागली. नव्या सुनेने घरात वावरावं तशी, अंतर राखून.

आणि मग परीक्षेचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी ठरवलं होतं, काकूंनी जुडगा वाजवत बंधाऱ्यावरून चालत जायचं. धाकटी आली, तर तिला पकडून परत आणायचं, कायमचं. धाकटी पळाली, तर ती पाणथळीची. मी काकूंच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो, पकडावं लागलं तर मला बघून ती येईल म्हणून. ड्रायव्हरही आला होता. त्याने येण्याआधी खिसे रिकामे केले होते.

सकाळचं ऊन पाण्यावर पडलेलं. पक्षी चरत होते. काकू चालायला लागल्या. नेहमीची चाल, नेहमीची पावलं. छुन छुन, छुन छुन.

बाकीच्या पक्ष्यांनी माना उचलल्या, बघितलं, आणि पुन्हा चरायला लागले. त्यांना किल्ल्यांशी काय देणंघेणं. धाकटीने मान उचलली ती खाली घातली नाही. काकू थांबल्या. त्यांच्या हातातला जुडगा तेवढा हलत राहिला. धाकटी त्यांच्याकडे बघत होती. मग तिने एक पाऊल टाकलं, आमच्या दिशेने. पिशवीच्या फटीतून मला ती दिसत होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको गं बाई, येऊ नकोस. आणि खरं सांगतो, माझ्यातला एक टाका म्हणत होता, ये.

धाकटीने मान ताठ केली. तिच्या गळ्यातून धोक्याची हाक निघाली, कर्कश, मोठी, अस्सल केशरमान्याची. ती हाक कुठल्याही स्पीकरमध्ये नव्हती, मी तर मुकाच, मग ती तिला कोणी शिकवली असेल? त्या कुटुंबाने. तिने पंख उघडले आणि ती उडाली. तिच्यामागोमाग बाकीचे सगळे उडाले. तिचं ऐकून उडाले. पाण्यावरून वर चढत, पलीकडच्या पाणकणसावरून वळून, ते दिसेनासे झाले.

काकू बंधाऱ्यावर फतकल मारून बसल्या. रडत होत्या आणि हसत होत्या.

"एकदाही मागे वळून बघितलं नाही हो तिने," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "शहाणी गं माझी बाय. फार शहाणी."

ड्रायव्हर दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरबाई काकूंच्या शेजारी मातीत बसल्या आणि त्यांनी काकूंचा हात हातात घेतला.

परतताना काकूंनी लेकीला फोन लावला. रस्ताभर बोलत होत्या. केंद्र आलं तरी वाक्य संपलेलं नव्हतं.

त्यानंतर बरीच पानगळ होऊन गेली. मध्यंतरी ड्रायव्हर एक बातमी घेऊन आला होता. बंधाऱ्यावरून जाताना त्याला लांबवर हिरवी पट्टी दिसली. शेजारी काहीतरी लहानसं, राखाडी, वाकड्या मानेचं हलत होतं, आणि धाकटी त्याच्या चोचीत काहीतरी भरत होती. तो नीट बघायला पुढे गेला, तर तिने पिल्लाला पुढे घातलं आणि क्षणात दोघंही पाणकणसात गडप. धड बघायलाही मिळालं नाही म्हणून तो हळहळत होता. काकू त्याला म्हणाल्या, "बघायला मिळालं नाही ना? मग चांगलंच आहे की."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की म्हणतात, आम्हाला विसरू नका, आमच्यावरची धूळ झटका, आम्हाला दिवाणखान्यात मांडा. माझं मागणं उलटं आहे. मला खुशाल विसरा. आठवण ठेवायचीच असेल तर त्या गुडघाभर पाण्याची ठेवा, जे नकाशावर रिकामी जागा म्हणून दिसतं आणि ज्याच्याकडे बघून लोक म्हणतात, इथे काहीच नाही, भरून टाका. तिथे जाल तेव्हा लांबूनच बघा. एखादं पिल्लू एकटं दिसलं, तर उचलू नका, त्याची आई पाणकणसात तुमच्याच जाण्याची वाट बघत असते. फोटोसाठी हाका मारू नका, खायला टाकू नका. जीव लागला, तर हात मागे घ्या. अवघड असतं, मला ठाऊक आहे. मी तो हात आतून पाहिलाय.

मी सध्या केंद्रातल्या कपाटात असतो. माझी चोच झिजली आहे, एक डोळा सैल झाला आहे. अंडं आलं, की काकू मला बाहेर काढतात आणि मानेला साबण लावता लावता सगळी खबरबात सांगतात. पण अंडी आता क्वचितच येतात, कारण घरटी घरट्याच्या जागी राहतात. कपाटात अंधार असतो, कापड कुरतडणाऱ्या कसरीही फार झाल्या आहेत. कपाटाचं दार बरेच दिवस उघडलं नाही की मी समजतो, तिकडे सगळं ठीक चाललं आहे.